पोथींतला बिननांवाचा शिंपी

॥ राम कृष्ण हरि ॥

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधांतला एक्केचाळिसावा अध्याय वाचकांच्या परिचयाचा आहे. अक्रूराच्या रथांतून रामकृष्ण मथुरेस आले आहेत आणि दुपार कलल्यावर गोपाळांसह नगर पाहावयास निघाले आहेत. सप्ताहांत हा अध्याय आला म्हणजे श्रोतेमंडळी सरसावून बसतात. आतां धनुष्य मोडणार, कुवलयापीड हत्ती पडणार, चाणूर-मुष्टिक लोळणार आणि शेवटीं कंसाच्या केसांना हात पडणार! सांगणाराही मग भरभर पुढें सरकतो. आम्हीही कित्येक वर्षें असेच सरकत आलों. त्या घाईंत मथुरेच्या रस्त्यावर भेटलेलीं चार माणसें मागें राहत गेलीं. आज तीं चार माणसें, आणि त्यांतही एक विशेषेंकरून, वाचकांपुढें ठेवावयाचें मनांत आहे. त्याला कारण काय घडलें तें आधीं सांगतों, म्हणजे आमची चूक आमच्याच तोंडून बाहेर पडेल.

कांहीं वर्षांपूर्वीं भीमेकांठच्या एका गांवीं सप्ताहाला गेलों होतों. दुपारीं भागवताचें निरूपण, रात्रीं कीर्तन, वीणा अखंड उभी, क्रम नेहमींचाच. मथुराप्रवेशाच्या दिवशीं आम्हीं सांगितलें कीं, धोब्यानें कपडे नाकारले, त्याचें फळ त्याला मिळालें. पुढें एका शिंप्यानें देवांना कपडे नीट करून घातले. पुढें माळी भेटला, पुढें कुब्जा. एवढें बोलून धनुष्याकडे वळलों. निरूपण संपलें, मंडळी पायां पडून गेली. शेवटीं चपलांच्या ढिगाजवळ बसलेला एक म्हातारा उठून पुढें आला. डोक्याला मळका पटका, चष्म्याची एक काडी दोऱ्यानें बांधलेली. म्हणाला, “बुवा, त्या शिंप्याचं नाव काय वो?”

आम्ही म्हणालों, “बाबा, पोथींत त्याचें नांव नाहीं.”

“माळ्याचं हाय नव्हं?”

“माळ्याचें आहे. सुदामा.”

“मग ह्याचंच कसं काय ऱ्हायलं?”

आम्हांला रात्रीच्या कीर्तनाची घाई होती. आम्ही म्हणालों, “अहो, तो प्रसंग लहान आहे. मुख्य कथा कंसवधाची. एका नांवाचें एवढें काय घेऊन बसलांत?”

“बरं, बरं,” म्हणाला, आणि मांडवाच्या खांबावरची सुटलेली पताका बांधूं लागला.

काल्याच्या दिवशीं ध्वनिक्षेपकावरून नांवें वाचलीं गेलीं. अन्नदाते, गायक, मृदंगी, विणेकरी, मांडव देणारे, विजेचा खर्च सोसणारे. प्रत्येकाला नारळ आणि उपरणें. आमचें नांव तीनदां घेतलें गेलें आणि तें आम्हांला गोड लागलें, हेंही कबूल करतों. म्हाताऱ्याचें नांव त्या यादींत नव्हतें. परत निघाल्यावर गाडींत एक टाळकरी सहज बोलून गेला, “ते म्हातारे शिंपी हायेत. पताका, कनाती, वीणेची गवसणी, पोथीचं बासन, समदं दरसाल तेच शिवत्यात. कापड गाव देतं. शिलाई घेत न्हाईत.”

पोथीचें बासन! सात दिवस आम्हीं त्याच बासनाची गांठ सोडून पोथी काढली होती आणि त्याच बासनांत पुन्हां बांधून ठेवली होती. त्या गांठीखालीं कोणाचे टांके आहेत हें विचारावें असें एकदांही मनांत आलें नाहीं. आणि ज्यानें पोथीला वस्त्र शिवलें, त्यानें पोथींतल्या आपल्या भाऊबंदाचें नांव विचारलें, तेव्हां आम्हीं त्याला ‘प्रसंग लहान आहे’ असें सांगून वाटेस लावलें होतें.

घरीं येऊन तो अध्याय पुन्हां काढला आणि या वेळीं सावकाश वाचला.

पहिला भेटतो तो रजक, म्हणजे कपडे धुणारा व रंगवणारा. कंसाच्या घरचीं धुतलेलीं वस्त्रें घेऊन तो चालला आहे. भगवंत त्याच्यापाशीं वस्त्रें मागतात. तो उलट दटावतो कीं, रानावनांत हिंडणाऱ्यांनीं राजाच्या वस्तूंवर डोळा ठेवूं नये. त्याच्या गाठोड्यांत इतकीं वस्त्रें होतीं, पण त्यांतलें एकही त्याचें नव्हतें. दुसऱ्याच्या ठेवीवर त्याचा ताठा होता. आपल्या ताब्यांत जें आहे तें कोणाचें, हें विसरलें कीं मनुष्याचा रजक होतो. देवळाची किल्ली कंबरेला लावून देवळाचे धनी झालेले लोक आपण पाहतोंच. आणि पोथी सांगतां सांगतां पोथीचे मालक झालेले आमच्यासारखेही आहेत.

दुसरा तो आमचा शिंपी. पोथी त्याला ‘वायक’ म्हणते. वायक म्हणजे विणणारा; आमच्या तोंडीं शिंपी बसलें आहे. त्याची सगळी कथा तीन श्लोकांत आटोपते. पण त्या तीन श्लोकांत काय काय आहे पाहा. त्याला कोणी बोलावलें नाहीं, कोणी हुकूम केला नाहीं. पोथी म्हणते कीं तो प्रसन्न झाला, आणि त्यानें रंगीबेरंगी वस्त्रांचीं भूषणें करून दोघां भावांचा वेष सजवला. कसा सजवला? तर ‘अनुरूप’. ज्याचें त्याला शोभेल असा, जसें अंग तसें वस्त्र. हा शब्द आम्हीं इतकीं वर्षें वाचला होता आणि इतकीं वर्षें ओलांडला होता. आतां विचार करा. रजकाच्या गाठोड्यांतून आलेलीं वस्त्रें राजवाड्यांतलीं, म्हणजे मोठ्या माणसांच्या मापाचीं असणार. भगवान् तर अकरा वर्षें गोकुळांत राहून नुकतेच मथुरेस आलेले. तृतीय स्कंधांत उद्धवानें हें विदुराला सांगितलें आहे. अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगांत थोराचा अंगरखा घातला तर बाह्या लोंबतील, घोळ पायांत येईल. पोथी हें बोलून दाखवीत नाहीं, हा आमचा तर्क. पण वायकानें रस्त्यावर पुढें येऊन हात लावला आणि त्यानंतर दोघे भाऊ कसे दिसले, तर सणासुदीला शृंगारलेले हत्तीचे दोन छावे, एक गोरा आणि एक सांवळा. जें अंगावर नुसतें चढवलें होतें तें त्यानें अंगाला बसवलें.

आणि याला दिलें काय? सारूप्य मुक्ति दिली. ज्यानें देवाचें रूप सजवलें त्याला देवानें आपलें रूप दिलें. शिवाय या लोकीं संपत्ति, बळ, ऐश्वर्य, स्मृति आणि इंद्रियांची धडधाकट शक्ति दिली. यांतलें त्यानें कांहींही मागितलें नव्हतें. कारागिराला काय लागतें तें देवाला बरोबर ठाऊक. हात चालले पाहिजेत, डोळे शाबूत पाहिजेत, माप ध्यानांत राहिलें पाहिजे. त्यांतला ‘स्मृति’ हा शब्द वाचतांना आम्ही थबकलों. ज्याला आम्हीं विसरून टाकलें, त्याला देवानें आठवण दक्षिणा म्हणून दिली आहे!

तिसरा सुदामा माळी. त्याच्या तर घरीं देव आपण होऊन गेले. त्यानें पूजा केली, सुवासिक फुलांच्या माळा घातल्या. माग म्हटल्यावर त्यानें तीन गोष्टी मागितल्या: भगवंताच्या ठायीं अचळ भक्ति, भक्तांशीं मैत्री, आणि प्राणिमात्रावर दया. देवानें त्या दिल्या आणि वर संपत्ति, बळ, आयुष्य, यश, कांतिही दिली. माळ्याचें हें मागणें ध्यानांत ठेवावें. पहिली गोष्ट मागणारे पुष्कळ आहेत. दुसरी व तिसरी मागणारा विरळा, कारण त्या दोहोंचा हिशेब रोज शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं द्यावा लागतो.

चौथी पुढच्या अध्यायांतली कुब्जा. ही कंसाला उटी करून देणारी. रजक कंसाचाच आणि हीही कंसाचीच. पण रजकाला जें ‘राजाचें’ वाटलें, तें हिला देवाचें वाटलें. तिनें हातची उटी देऊन टाकली, आणि तीन ठिकाणीं वांकलेलें तिचें शरीर भगवंतांनीं सरळ केलें. चाकरी कोणाची, हा प्रश्न खरा नाहीं. त्या चाकरींतून हात कोणाकडे पुढें होतो, तें पाहावें.

आतां म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे येऊं. याचेंच नांव कां राहिलें? कोणी म्हणेल, व्यासांना तें महत्त्वाचें वाटलें नसेल. हें उत्तर आम्हींच दिलें होतें, आणि तें खोटें आहे. महत्त्व नसतें तर तो मनुष्यच पोथींत आला नसता. भागवतांत नांवांची रीतच निराळी आहे. अघासुर, बकासुर, चाणूर, मुष्टिक हीं नांवें शेंबड्या पोराला पाठ असतात. पण देवाच्या हातावर कांहीं ठेवणारीं माणसें पुष्कळदां बिननांवाचीं आहेत. आपण सगळे ज्याला सुदामा म्हणतों, तो कृष्णाचा गरीब मित्र! त्याची कथा दशमांत ऐंशी-एक्याऐंशी या अध्यायांत आहे. तेथें त्याला ‘कोणी एक ब्राह्मण मित्र’ म्हटलें आहे, फाटकीं वस्त्रें नेसणारा म्हटलें आहे, पण सुदामा हें नांव तेथें नाहीं. तें लोकांनीं प्रेमानें ठेवलें. आणि ज्या माळ्याला पोथीनें सुदामा हें नांव दिलें, त्याला लोक विसरले. म्हणजे पोथीनें दिलेलें नांव लोकांनीं सांभाळलें नाहीं, आणि पोथीनें न दिलेलें नांव घरोघर पोंचलें. नांव कागदावर असणें आणि माणसांच्या मनांत असणें, या दोन निराळ्या गोष्टी.

त्याच कथेंत पोहे कोणीं दिले? आपण म्हणतों, सुदाम्याचे पोहे. पण घरांत तर कांहींच नव्हतें. त्याच्या बायकोनें शेजारच्या घरीं जाऊन चार मुठी मागून आणल्या आणि फडक्यांत बांधून दिल्या. तिचेंही नांव पोथींत नाहीं. आणि ज्यांनीं त्या मुठी दिल्या, त्या शेजाऱ्यांचा तर पत्ताच नाहीं. द्वारकेंत देवानें एक मूठ तोंडांत टाकली आणि दुसरीला रुक्मिणीनें हात धरला, हें आपण रंगवून सांगतों. त्या मुठीमागें उंबऱ्याउंबऱ्यावर उभी राहिलेली एक लाजरी बाई आहे, हें सांगावयाचें राहतें.

गोकुळांत फळें विकणारी आली, तिचेंही असेंच. बाळकृष्ण ओंजळींत धान्य घेऊन धांवला आणि वाटेंतच बरेंचसें सांडलें. बाजाराचा न्याय पाहिला तर तिनें म्हणावें, ‘बाळ, एवढ्या दाण्यांत फळ येत नाहीं.’ तिनें दाणे मोजले नाहींत. दोन्ही हात फळांनीं भरून टाकले. तिची टोपली रत्नांनीं भरली, पण ती पुढची गोष्ट. फळें देतांना तिला रत्नें दिसत नव्हतीं, रिकामी झालेली चिमुकली ओंजळ दिसत होती.

आणि यज्ञपत्न्यांतली ती एक! बाकीच्या सगळ्या अन्नाचीं भांडीं घेऊन धांवल्या. हिला नवऱ्यानें अडवून धरलें. तिनें जसा ऐकला होता तसा देव हृदयांत कवटाळला आणि देह ठेवला. बाकीच्यांच्या आधीं ती पोंचली. आषाढीस दिंडी निघाली कीं जाणाऱ्यांच्या पायां पडण्याची आपली रीत आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचें करावयास मागें राहिलेली सून, गुरांच्या धारा काढावयास थांबलेला भाऊ, यांच्यामुळें दुसऱ्याची वारी होते. त्यांचें पाऊल वाळवंटांत उमटत नाहीं, एवढाच फरक.

इतकें समजल्यावर त्या म्हाताऱ्याला उत्तर देणें आमच्याकडे बाकी राहिलें. पुढच्या वर्षीं सप्ताहाच्या आदल्या दिवशींच त्या गांवीं गेलों आणि घर विचारीत त्याच्या ओसरीवर पोंचलों. डोळे अधू झाले होते. यंत्रावर नातसून बसली होती, आणि तो शेजारीं बसून पताकेची शिवण बोटांनीं चाचपीत होता. म्हणत होता, “हितं दोरा सैल पडला बग. वाऱ्यानं उसवंल.” आम्हीं जाऊन नमस्कार केला तेव्हां तो संकोचला. आम्हीं त्याला सगळें सांगितलें. तीन श्लोक सांगितले, सारूप्य सांगितलें, स्मृति सांगितली, त्या दिवशींच्या बोलण्याची क्षमा मागितली.

त्यानें सगळें ऐकून घेतलें. मग म्हणाला, “नावाचं ऱ्हाऊ द्या वो बुवा. त्या दिशी मला नीट इचारता आलं न्हाई. कापड अंगाला बसलं का, एवढं पोथीत हाय का?”

आम्ही म्हणालों, “आहे. अनुरूप असा शब्द आहे. ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणें.”

“मंजी बसलं.”

“बसलं.”

“मग झालं की. शिंप्याला आनि काय लागतंय?” आणि पुन्हां बोटें शिवणीवर फिरूं लागलीं.

वाचकहो, इतकीं वर्षें भागवत सांगून जें आम्हांला दिसलें नाहीं, तें त्या अधू डोळ्यांच्या माणसाला दिसत होतें. व्यासांनीं वायकाचें नांव ठेवलें नाहीं. पण खऱ्या कारागिराला जें राहावेंसें वाटतें, नेमकें तेंच ठेवलें. काम नीट झालें, ज्याच्यासाठीं केलें त्याला तें शोभलें, आणि करतांना मन प्रसन्न होतें. सेवा करणाऱ्यानें आपल्या मनाला हा एकच प्रश्न विचारावा: बसलें का? स्वयंपाक्यानें विचारावें, भाकरी भाजली का? टाळकऱ्यानें विचारावें, ठेका चुकला नाहीं ना? आमच्यासारख्यानें विचारावें, ऐकणाऱ्याच्या अंगाला शब्द बसला, कीं नुसता खांद्यावर लोंबला? यादींत नांव आलें कीं नाहीं, ही चौकशी त्यानंतर उरतच नाहीं.

पण येथें एक सावधगिरी पाहिजे. त्याला नांव नको होतें, म्हणून आम्हीं तें घेऊं नये, असा अर्थ कोणी काढील तर तो फसेल. करणाऱ्यानें विसरावें हा त्याचा धर्म, आणि घेणाऱ्यानें आठवावें हा आपला. या दोन धर्मांची अदलाबदल झाली कीं घात होतो. ‘निष्काम सेवा करा’ असें दुसऱ्याला सांगून त्याची शिलाई बुडवणें ही भक्ति नव्हे. भगवंतांनीं वायकाला ‘तूं निष्काम आहेस’ असें म्हणून कोरडा पाठवला नाहीं. न मागतां हात भरून दिलें.

आपल्या संप्रदायानें हा धर्म पहिल्यापासून पाळला आहे. शके १२१२ मध्यें नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. माउलींच्या मुखांतून निघालेलें लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ग्रंथ जेथें संपतो तेथें, शकाच्या उल्लेखाबरोबरच, हे आदरानें लेखक झाले अशी नोंद आहे. एवढा थोर ग्रंथ, पण त्याच्या शेवटच्या ओवींत लेखणी धरणाऱ्या हाताचें नांव आहे! तुकोबारायांचे अभंग ज्यांनीं वह्यांत उतरून ठेवले त्यांत संताजी जगनाडे होते, चाकणचे, तेलाचा धंदा करणारे. त्यांचें नांव आपण तुकोबांच्या नांवाजवळ ठेवलें आहे. बोलणाऱ्याबरोबर लिहिणारा, गाणाऱ्याबरोबर विणा धरून उभा राहणारा, चालणाऱ्याबरोबर पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक हांकणारा, ही सगळी एकच दिंडी आहे.

त्या वर्षीं काल्याच्या दिवशीं आम्हीं यादी आपल्या हातीं घेतली. म्हातारा मांडवांत नव्हता, घरीं होता. त्याचें नांव आधीं वाचलें. नातसुनेचें वाचलें. पहाटे तीनला पहाऱ्यावरच्या विणेकऱ्याला चहा नेणारा पोरगा, पाणी भरणाऱ्या बाया, पत्रावळी उचलणारे, मांडव झाडणारी म्हातारी, ज्यांचीं ज्यांचीं नांवें विचारून मिळालीं तीं सगळीं वाचलीं. यादी लांबली. काल्याला उशीर झाला म्हणून कांहीं मंडळी कुरकुरलीही. कुरकुरणाऱ्यांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हांलाही पूर्वीं घाईच असे. पण झाडणाऱ्या म्हातारीचें नांव घेतलें तेव्हां ती केरसुणी हातांत धरून मांडवाच्या कडेला उभी होती. तिला आपलेंच नांव ओळखूं आलें नाहीं. शेजारणीनें कोपरानें खुणावलें तेव्हां तिनें पदर डोक्यावरून पुढें ओढला आणि आमच्याकडे न पाहतां पांडुरंगाच्या तसबिरीला हात जोडले.

वाचकांनीं आपापल्या गांवीं सप्ताह बसेल तेव्हां एवढें करावें. पोथीची गांठ सोडतांना बासनाचे टांके एकदां पाहावे आणि ते कोणाचे हें विचारावें. आणि दशमांतला एक्केचाळिसावा अध्याय आला कीं मथुरेच्या त्या रस्त्यावर घटकाभर थांबावें. कंस कोठें पळून जात नाहीं. माळ्यानें मागितलेली ती तिसरी गोष्ट, प्राणिमात्रावरची दया, पांडुरंगानें तुम्हांआम्हांला द्यावी. आणि त्या वायकाला दिलेल्या स्मृतींतला एक कण आमच्या पदरांत टाकावा, एवढीच त्याच्या चरणीं प्रार्थना.

॥ राम कृष्ण हरि ॥